‘आज किती झाले?’ : हिवाळी पक्षीनिरीक्षण सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

पाणथळींवर आणि अभयारण्यांत हिवाळी सहली नेणाऱ्या सर्व आयोजकांना आणि गटप्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

सहल संपत आली की सगळे एका झाडाखाली जमतात. वह्या निघतात, मोबाइल निघतात आणि कुणीतरी विचारतं, ‘‘आज किती झाले?’’ एक जण 62 जाती म्हणतो, दुसरा 64. एखाद्या तुतारी पक्ष्यावरून थोडा वाद होतो, कुणी फील्ड गाइडचं पान उघडून दाखवतं, शेवटी 63 वर एकमत होतं आणि मंडळी समाधानानं पांगतात. हा प्रश्न मी स्वतः अनेक हिवाळे विचारला आहे. नवा हंगाम सुरू होण्याआधी त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमच्याशीच, कारण मी पक्षी बघायला शिकलो तो तुमच्यासारख्यांच्या मागे चालत. पहाटेच्या अंधारात अनोळखी पंचवीस-तीस माणसांना पाण्याकाठी नेणं, ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांच्या हातात आपली देणं, लहान मुलांसाठी स्कोपचा, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीचा, स्टँड पुन्हा पुन्हा खाली करणं, ‘तो पांढरा बगळाच ना?’ या प्रश्नाला विसाव्यांदाही न वैतागता उत्तर देणं, हे सगळं तुम्ही करता, आणि बहुतेकदा एक पैसाही न घेता. पाण्याकाठी गट तुमच्याकडे बघून वागतो. तुम्ही दबकत चाललात तर तो दबकत चालतो, तुम्ही मोठ्यानं बोललात तर तोही बोलतो. म्हणून हे पत्र वनखात्याला किंवा सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत आम्ही सकाळी सातच्या सुमारास एका तळ्याच्या बांधावर पोहोचलो. धुकं नुकतंच विरत होतं. मधल्या उथळ पाण्यात चारेकशे बदकं होती. तलवार बदकं, थापट्या, थोडे चक्रांग. बहुतेकांच्या चोची पाठीवरच्या पिसांत खुपसलेल्या. स्कोपमधून अगदी स्पष्ट दिसत होती, पण कॅमेरेवाल्यांना ती झोपलेली नको होती, पंख उघडलेली हवी होती. गटप्रमुखांनी हसून दोनदा जोरात टाळ्या वाजवल्या. थवा उठला. इतक्या पंखांचा एकदम झालेला तो आवाज मला अजून आठवतो, आणि मी ‘वा!’ म्हणालो हेही आठवतं. बदकांनी तळ्यावर तीन फेऱ्या घातल्या आणि ती दिसेनाशी झाली. आम्ही तासभर तिथे होतो, ती परत आली नाहीत. निघताना वाटेत दुसरा गट भेटला, नुकताच आलेला. दुपारी त्यांच्यापैकी एकाचा निरोप आला, की यंदा या तळ्यावर बदकं फारच कमी दिसतात. आमच्या यादीत मात्र त्या दिवशी सगळ्या बदकांपुढे खुणा होत्या. तळं आम्ही रिकामं केलं, ही नोंद ना आमच्या यादीत होती, ना त्यांच्या.

झोपलेलं बदक निवांत आहे, त्याला थोडं उठवलं तर काय बिघडलं, असं तेव्हा मलाही वाटायचं. पण हिवाळ्यात येणाऱ्या बदकांपैकी अनेक जाती रात्री चरतात. अंधार पडला की ती तळ्यावरून थव्याथव्यानं उठतात, आसपासच्या उथळ पाण्यात, पाणी साचलेल्या शेतांत उतरतात आणि उजाडताना परततात. म्हणजे आपण पोहोचतो ती त्यांची रात्रपाळी आटोपून टेकण्याची वेळ असते. ते टेकणंही पुरतं नसतं. अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅलार्ड बदकांच्या झोपेचा अभ्यास करून 1999 मध्ये तो प्रसिद्ध केला. ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं मधल्यांपेक्षा जास्त वेळा मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवून, एक डोळा उघडा ठेवून झोपतात, आणि तो उघडा डोळा बहुतेकदा ओळीच्या बाहेरच्या बाजूचा असतो. हे वाचल्यापासून मी थव्याच्या आपल्या बाजूच्या कडेला स्कोप लावून बघतो. तिथे तो डोळा खरंच दिसतो. आपण त्याच्याकडे बघत असतो तेव्हा तोही आपल्याकडेच बघत असतो.

हंगाम सरत आला की थवा उठवण्याची पक्ष्यांना पडणारी किंमत आणखी वाढते. परतीच्या प्रवासाआधी चिखलात चरणारे पक्षी चरबी साठवू लागतात, आणि लांबचा पल्ला मारणाऱ्या जातींत हे प्रमाण थक्क करणारं असतं. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. या जातीचा, जन्माला जेमतेम पाच महिने झालेला एक पक्षी 2022 च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता 11 दिवसांत टास्मानियाला पोहोचला. त्याच्या पाठीवरच्या यंत्रानं हा प्रवास 13,560 किलोमीटरचा नोंदवला. वाटेत खाणं नाही, पाण्यावर टेकणं नाही. तो सगळा प्रवास त्यानं निघण्याआधी चिखलातून टिपून साठवलेल्या चरबीवर केला. आपल्या सहलीत ‘तो बघा, पाणटिवळा’ म्हणून आपण दोन पावलं पुढे सरकतो तेव्हा त्याच कामात आडवे येत असतो. फेब्रुवारी-मार्चच्या सहलींत म्हणूनच मला अंतर जास्त ठेवावंसं वाटतं. नेमक्या त्याच दिवसांत पक्ष्यांची पिसं सर्वांत देखणी होऊ लागतात आणि आपला पाय पुढे पडतो, हेही खरं.

आता त्या ‘किती’विषयी. हा प्रश्न आपल्याकडे कुठून आला याचा मी बराच विचार केला आहे. भरतपूरच्या केवलादेवच्या पाणथळीत आज जगभरातून लोक पक्षी बघायला येतात. त्याच पाण्यावर 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी भरवलेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तिथल्या शिळेवर असे आकडे तारखांसह कोरलेले आहेत. तिकडे अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन बाजू पाडून शिकारीला जायची रीत होती. ज्या बाजूचा ढीग मोठा, ती जिंकली. 1900 साली पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं, की या वर्षी मारण्याऐवजी मोजू या. 27 जणांनी त्या नाताळात पक्षी मोजले आणि ती गणना अजून सुरू आहे. आपल्या छंदाचं एक मूळ इथे आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. बंदूक आपण खाली ठेवली. पण ‘ढीग केवढा?’ ही विचारणा मात्र ठेवायची राहून गेली, ती आपल्याबरोबर दुर्बिणीत आली. जातींची यादी वाढली पाहिजे, समोरच्या गटापेक्षा जास्त झाली पाहिजे, आणि 63 चे 64 व्हावेत म्हणून पाणकणसांत दडलेला पाणलावा उठवून बघितला पाहिजे. शेवटचं मी केलेलं आहे. तो उठला, नागमोडी उडत दूर गेला आणि यादीत 64 वी खूण झाली.

थवा आपल्याला आधी बऱ्याच गोष्टी सांगतो आणि मगच उठतो. तुम्हाला हे माहीत आहे, पण तुमच्यामागच्या तीस जणांना नाही, आणि मला वाटतं सहलीत शिकवण्यासारखी याहून मोलाची गोष्ट नाही. आधी पिसांतल्या चोची बाहेर येतात. मग माना ताठ होतात. चरणारे चरायचे थांबतात. पाण्यावरची बदकं घाई न दाखवता आपल्यापासून लांब सरकू लागतात, एकमेकांजवळ येतात, एखादं डोकं वरखाली करतं. चिखलावरचे पक्षी उडण्याआधी चालू लागतात, आणि शेकाट्या तर ओरडून सगळ्या तळ्याला खबर देतो. माना वर झाल्या, तिथे थांबायचं. पाण्यावरची सरकासरकी सुरू झाली, तर मागे यायचं. अमुक मीटर हा नियम मला पटत नाही, कारण एकाच तळ्यावर बगळा जवळ येऊ देतो आणि लालसरी लांबूनच निघून जाते. मोठ्या थव्यात सर्वांत भित्रा पक्षी सगळ्यांचं ठरवून टाकतो. जिथे शिकार होते तिथे तर हे अंतर कितीतरी वाढतं. अंतर पक्ष्यांच्या माना ठरवतात. एकदा हे कळलं की नवखा माणूसही स्वतःहून थांबतो, त्याला दटावावं लागत नाही. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

बांधाविषयी एक. बांधावर रांगेनं उभी असलेली तीस माणसं पाण्यावरच्या पक्ष्याला आकाशावर उमटलेल्या तीस काळ्या आकृत्या दिसतात. तीच माणसं बांधाच्या अलीकडच्या उतारावर, झुडपांच्या आडोशाला बसली, नुसत्या दुर्बिणी वर आल्या, तर थवा तसाच राहतो. सूर्य पाठीशी ठेवायचा हे सगळेच सांगतात. जोडीला वाराही बघावा. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उठतात, उतरतात. कुठून त्यांची वाट अडणार नाही, हे त्यावरून कळतं. आणि तीस माणसं एकदम कशाला? दहा-दहांचे तीन गट करून आळीपाळीनं पुढे नेले, तर मागे थांबलेल्यांना लव्हाळ्यांतले, झाडांवरचे पक्षी दाखवता येतात.

खाडीकाठी सहल असेल तर भरतीची वेळ हवीच, पण ती जास्त जपण्यासाठी. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी पांगून चरतात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो, सगळे मिळून उरलेल्या एखाद्या उंचवट्यावर दाटीनं उभे राहतात. स्कोपला हे दृश्य फार सोयीचं, म्हणून आपण नेमके तेव्हाच जातो. त्या उंचवट्यावरून त्यांना उठवलं, तर जवळपास टेकायला दुसरी जागा असेलच असं नाही. मग पाणी उतरेपर्यंत ते हवेतच फिरत राहतात.

ड्रोन नकोच. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बाहेर काढणंही नको. तीच गोष्ट दिवसा विसावलेल्या घुबडाची. आखूड कानाचं घुबड दिसलं की जागेसकट फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह सहलीतल्या एकाला तरी होतो, आणि पुढच्या रविवारी तिथे गर्दी जमते. हे तुम्ही सहल सुरू होतानाच सांगा, नंतर उशीर होतो. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, जागा आणि संख्या वनखात्याला कळवावी. 2021 पासून बर्ड फ्लूच्या साथीनं जगभरातल्या रानपक्ष्यांना ग्रासलं आहे, त्यामुळे एका पाणथळीवरून दुसरीकडे जाताना बुटांचा चिखल धुऊन जाणं ही आता सवयच व्हायला हवी.

यावर तुमच्यापैकी अनेकांचं म्हणणं मी ऐकलं आहे. लांबून, बसून, गप्प राहून बघायचं म्हटलं तर नवी माणसं कंटाळतील, पुन्हा येणार नाहीत. ही काळजी खरी आहे. पण माझा अनुभव उलटा आहे. कंटाळा येतो तो चाळीस मिनिटांत चाळीस नावं कानांवर आदळली की. त्यातलं एकही घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही. त्यापेक्षा एकाच थापट्यांच्या घोळक्यापाशी अर्धा तास बसवून बघा. थापट्या गोल फिरतात, पुढच्याच्या शेपटीमागे मागच्याची चोच, आणि त्या फिरण्यानं पाणी घुसळून तळातलं बारीक अन्न वर येतं. त्यांच्या रुंद चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दात असतात, त्यातून ते पाणी गाळतात. हे एवढं सांगितलं की माणसं दुर्बीण खाली ठेवत नाहीत. काळ्या शेपटीचा पाणटिवळा चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो आणि न बघता किडा पकडतो. चोचीच्या टोकात दाब कळणारी सूक्ष्म इंद्रियं असतात, आणि चोच न उघडता नुसतं टोक उचलून तो भक्ष्य धरू शकतो. हंगामाच्या सुरुवातीला आलेल्या बदकांत सगळ्याच माद्या कशा, असा प्रश्न एखादी नवी पाहुणी विचारते. विणीनंतर नर रंगीत पिसं टाकून मादीसारखे मळकट होतात आणि हिवाळा पुढे सरकतो तसे पुन्हा नटतात. तेच तळं नोव्हेंबरात आणि जानेवारीत दाखवलंत तर ही गोष्ट तिला सांगावी लागत नाही, तिची तीच पाहते. जोड्याही इथेच जमतात. माना मागे टाकणं, पाणी उडवणं, मादीभोवती चार नरांची धावपळ, हे सगळं आपल्यासमोर हिवाळ्यातच चाललेलं असतं. मात्र ते झोपेतून उठवलेल्या थव्यात दिसत नाही.

आकडे मला नकोत असं कृपया समजू नका. आकडे हवेतच, फक्त वेगळे. 63 जाती ही आपली मिळकत झाली. त्या तळ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला उपयोगी पडतो तो ‘तलवार बदकं 380’ असा आकडा, तारीख, वेळ आणि किती वेळ बघितलं या माहितीसह, आणि तोही दर वर्षी त्याच जागेवरून. भारतीय उपखंडात 1987 साली सुरू झालेली आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीला होते, आणि ती करतात आपल्यासारखेच हौशी लोक. 1971 मध्ये इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या करारानं पाणथळींचं महत्त्व ठरवण्याचे निकष घालून दिले. त्यातला एक सांगतो, की नियमितपणे 20,000 किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असतील तर ती पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची धरावी. दुसरा एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एका समूहातल्या एक टक्का पक्ष्यांबद्दल आहे. हे वीस हजार आणि हा एक टक्का कुणी मोजायचा? एखाद्या तळ्यात भराव पडू लागतो तेव्हा ‘इथे पक्षी येतात’ एवढ्यानं काही थांबत नाही. दहा वर्षांचे आकडे टेबलावर ठेवता आले तर निदान ऐकून घेतलं जातं. त्यात एखाद्या वर्षीचा आकडा सकाळी थवा उठवल्यामुळे खोटा झाला असेल, तर आपण त्या तळ्याचा पुरावाच बिघडवला. दुसऱ्या गटाच्या त्या निरोपानं मला हे शिकवलं.

बारीक चोचीचा कर्ल्यू नावाचा, खाली वाकलेल्या लांब चोचीचा एक पाणपक्षी सायबेरियातून भूमध्य समुद्राकाठी हिवाळ्याला यायचा. मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा या खाजणात फेब्रुवारी 1995 मध्ये तो शेवटचा खात्रीनं दिसला. 2025 मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मधली तीस वर्षं लोक त्याला शोधत होते. तो विरळ होत होता तेव्हा त्याच्याकडे फारसं लक्षच गेलं नव्हतं, कारण बाकीच्या कर्ल्यूंच्या थव्यात तो असाच कुठेतरी असायचा. मला सहलीत वारकरी पक्ष्यांचे, चक्रांगांचे, चिखल्यांचे थवे मन लावून मोजावेसे वाटतात ते यामुळे. मोजणं अवघडही नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, दहांचा घोळका केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं आणि तेवढे घोळके थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्यायचे. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

मागणं एकच आहे. या हंगामात तुमच्या यादीत एक रकाना वाढवा, ‘आपल्यामुळे उठले’. पक्ष्याचं नाव, अंदाजे संख्या आणि कशामुळे उठले ते. बांधावर उभं राहिल्यामुळे, कुणाच्या हाकेमुळे, मोबाइल वाजल्यामुळे, एखाद्याचं भडक जाकीट दिसल्यामुळे, जे असेल ते. झाडाखाली जमल्यावर जातींचा आकडा विचारण्याआधी हा रकाना मोठ्यानं वाचा. कुणाला दोष देण्यासाठी नाही, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून.

गेल्या हिवाळ्यापासून मी हे करतो आहे. पहिल्या सहलीचं पान माझ्यासमोर आहे. त्या रकान्यात लिहिलंय, ‘चक्रांग, सुमारे 40, आम्ही बांधावर चढलो म्हणून. राखी बगळा 1, वाट चुकून फार जवळ गेलो. शेकाटे 12, मोठ्यानं बोलणं.’ त्याच तळ्यावर, जवळपास त्याच माणसांबरोबर, फेब्रुवारीतल्या सहलीचं पान उघडलं तर तिथे फक्त एक ओळ आहे, ‘धोबी पक्षी 1, पायवाटेवर होता.’ त्या दिवशी जाती 48 झाल्या. दीड तास आम्ही उतारावर बसून होतो. निघालो तेव्हाही तलवार बदकं तिथेच होती, कडेच्या एकानं डोळा उघडा ठेवला होता आणि बाकीची झोपली होती.

तुमच्या यादीतल्या त्या रकान्यात काय आलं, हे हंगाम संपल्यावर मला ऐकायला आवडेल.

आपला,
तुमच्या मागून चालणारा एक पक्षीनिरीक्षक